वाफ बंद, तरी मीटर चालू

प्रवाह, दाब, लेव्हल मोजणारं इन्स्ट्रुमेंट निवडण्यासाठी प्रोसेसचा डेटा मागवला की कागदावर तीन रकाने येतात: किमान, नेहमीचा आणि कमाल. नेहमीचा आणि कमाल हे भरलेले असतात, कारण पंप, पाइप आणि हीटर ठरवताना कुणीतरी ते आधीच काढलेले असतात. किमानच्या रकान्यात मात्र शून्य असतं, नाहीतर आडवी रेघ. माझ्या मते निवडीचं खरं काम त्या रकान्यापासून सुरू होतं. कमाल आकड्यावर जवळजवळ कोणतंही मीटर बरं चालतं, ते उघडं पडतं खालच्या टोकाला.

जुन्या युनिटला जोडून एक नवा हीटिंग विभाग उभा राहत होता. वाफेवर चालणारे दोन हीटर, गरम धुण्याच्या द्रावणाची ढवळणी असलेली टाकी आणि डीएम वॉटरची, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याची, एक लाइन. यादी छोटी होती, पण निवडीपासून चालू करून देण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं. कागदावर मी निवडलेलंच पुढे जमिनीवर मला सांभाळायचं होतं. निवडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच असला की डेटाशीट वाचायची पद्धत बदलते.

वाफेच्या डेटाशीटवर लिहिलं होतं: दाब १० बार, कमाल ४००० किलो प्रतितास, किमान शून्य. मी कंट्रोल रूममध्ये शिफ्टच्या ऑपरेटरांशी बोलत बसले. तिथे कळलं की दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतर प्रत्यक्षात ७ बारच असतो, आणि रात्री एकच हीटर नुसता तापमान धरून ठेवतो तेव्हा वापर ४०० किलोच्या आसपास उतरतो. डिझाइनच्या कागदात या दोन्ही गोष्टी नव्हत्या, आणि दोन्हींनी निवड बदलली.

दाबाचा मुद्दा आधी सांगते. १० बार गेज दाबाच्या संपृक्त वाफेची घनता घनमीटरला साधारण ५.६ किलो, ७ बारला साधारण ४.२ किलो. ओरिफिसवर (पाइपमधल्या भोकाच्या चकतीवर, तिच्या दोन बाजूंच्या दाबफरकावरून) मोजलेला वस्तुमान प्रवाह घनतेच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. म्हणजे १० बार धरून बनवलेलं मीटर ७ बारच्या वाफेवर १६ टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवणार, आणि तेही एकही भाग बिघडलेला नसताना. म्हणून गणित ७ बारवर केलं आणि शेजारी दाबाचा ट्रान्समीटर (मोजलेला आकडा सिग्नल म्हणून पाठवणारं उपकरण) देऊन घनतेची दुरुस्ती डीसीएसमध्ये, म्हणजे प्लँट चालवणाऱ्या संगणक प्रणालीत, घेतली.

प्रवाहाचा मुद्दा जास्त अवघड होता. ४००० ते ४०० म्हणजे दहास एक. ओरिफिसवरचा दाबफरक प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलतो. पूर्ण प्रवाहाला २५०० मिलीमीटर वॉटर कॉलम (तेवढ्या उंच पाण्याचा दाब) ठेवला, तर निम्म्या प्रवाहाला ६२५ उरतो आणि दहा टक्क्यांना फक्त २५. व्होर्टेक्स मीटरचाही विचार केला, ते प्रवाहात उठणारे भोवरे मोजतं. पण १०० मिलीमीटरच्या पाइपमध्ये ४०० किलोला वाफेचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरपर्यंत खाली येत होता. एवढ्या पातळ वाफेत त्या वेगाला भोवरे नीट पकडता येत नाहीत, आणि मीटर सरळ शून्यावर जातं. शेवटी एकच ओरिफिस आणि त्याच टॅपिंगवर (दाब घेण्याच्या छिद्रांवर) दोन ट्रान्समीटर असं ठरलं: एक २५०० चा, दुसरा २५० चा. लहान रेंजचा ट्रान्समीटर साधारण तीस टक्के प्रवाहापर्यंत वाचतो, त्यापुढे डीसीएस मोठ्याकडे जातं. पुढे जे झालं ते लवकर नजरेत आलं ते या लहान ट्रान्समीटरमुळेच.

डीएम वॉटरच्या लाइनवर मॅग्नेटिक फ्लोमीटर लिहून आलं होतं. तो प्रश्न लवकर मिटला. साध्या मॅग्नेटिक मीटरला द्रवाची वाहकता साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर तरी लागते, आणि चांगलं डीएम वॉटर एकच्याही खाली असतं. पाणी आहे म्हणजे मॅग्नेटिक मीटर, ही सवय इतकी रुळलेली आहे की कागदावर कुणालाच खटकलं नव्हतं. तिथे व्होर्टेक्स दिलं. त्या लाइनचा किमान प्रवाह त्याला पुरत होता.

टाकीच्या लेव्हलसाठी अल्ट्रासॉनिक नको, हे पहिल्यापासून स्पष्ट होतं. ते आवाजाच्या वेगावर अंतर काढतं. २० अंशांच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. तापमानाची दुरुस्ती मीटर करू शकतं, पण द्रवाच्या वर हवेऐवजी गरम बाष्प दाटलं असेल तर ती दुरुस्तीसुद्धा चुकीच्या वायूची ठरते. डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दाबफरकावरून लेव्हल काढणारा, चालला असता, पण द्रावणाची तीव्रता बॅचगणिक बदलायची आणि घनतेबरोबर लेव्हलही हलली असती. ८० गिगाहर्ट्झचा रडार घेतला, अरुंद बीमसाठी: ८० मिलीमीटरच्या अँटेनाला साधारण तीन अंश. २६ गिगाहर्ट्झला तेवढ्याच अँटेनावर दहा अंश होतात, आणि मग ढवळणीची पाती, आतली शिडी, भरण्याचा पाइप असं सगळंच बीममध्ये येतं.

त्याच टाकीवर वरच्या पातळीला, द्रव काट्याला टेकला की सिग्नल देणारा, स्वतंत्र फोर्क स्विच मी मागून घेतला. त्याची केबल वेगळी, इंटरलॉकही (आपोआप थांबवणारी व्यवस्था) वेगळा. रडारवर हाय अलार्म आहेच, मग स्विच कशाला, असा प्रश्न आला. मी बन्सफील्डचं उदाहरण दिलं. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या त्या इंधन डेपोत पेट्रोलची टाकी भरत होती आणि लेव्हल गेज एका जागी अडकलं होतं. पडद्यावर आकडा स्थिर, अलार्म नाही. शेवटचा आधार असलेला स्वतंत्र हाय लेव्हल स्विचही चालला नाही, कारण त्याच्या टेस्ट लिव्हरला लावायचं कुलूप लावलेलं नव्हतं. टाकी वाहिली आणि प्रचंड स्फोट झाला. त्यामुळे नुसता स्विच बसवून मी थांबले नाही, तो ठरावीक काळाने खऱ्या द्रवात बुडवून तपासायची नोंदही कामाच्या यादीत घातली.

रडारने नंतर थोडा त्रास दिलाच. लेव्हल खाली येताना एका ठिकाणी आकडा थबकायचा, टाकी आणखी रिकामी झाली तरी तिथेच राहायचा, आणि मग एकदम खाली उडी मारायचा. वर जाताना मात्र सगळं बरोबर. लॅपटॉप लावून एको कर्व्ह, म्हणजे परत आलेल्या लहरींचा आलेख, पाहिला. ठरावीक अंतरावर एक उभं टोक होतं, द्रव असो वा नसो. भरण्याच्या पाइपचा आधार तिथे आडवा आला होता. द्रव त्याच्या वर असताना तो झाकलेला राहायचा, उघडा पडला की रडार त्यालाच पृष्ठभाग समजायचा. ट्रान्समीटर नोझलवर थोडा फिरवला तसा तो एको अर्ध्याहून कमी झाला. मग टाकी पूर्ण रिकामी करून, ढवळणी चालू ठेवून, खोट्या एकोंचं मॅपिंग केलं. अर्धवट भरलेल्या टाकीत ते केलं तर खरा पृष्ठभागच खोटा म्हणून नोंदवला जातो, आणि पुढे त्या उंचीवर लेव्हल आली की मीटर आंधळं होतं.

तापमानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन वायरचे पीटी १०० (तापमानाबरोबर रोध बदलणारे सेन्सर) लावले. टर्मिनल सैल राहून एखाद्या वायरीत एक ओहम वाढला, तर आकडा अडीच अंशांहून जास्त सरकतो, म्हणून हेडमधला प्रत्येक स्क्रू हाताने तपासला. थर्मोवेल (सेन्सर ज्यात बसतो ती पाइपमधली नळी) मात्र नुसते लांबी बघून घेऊ नयेत. जपानमधल्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला वितळलेलं सोडियम बाहेर आलं, ते प्रवाहाने कंप पावून तुटलेल्या थर्मोवेलमुळे. वाफेच्या लाइनवरच्या वेलचं कंपनाचं गणित मी पुरवठादाराकडून लेखी घेतलं.

केबलिंगमध्ये एकाच जागी मुद्दाम थांबले: वर्गमूळ कोण काढणार? ट्रान्समीटर काढू शकतो, डीसीएसही काढू शकतं. दोघांनी काढलं तर निम्मा प्रवाह ७१ टक्के दिसतो. कुणीच काढलं नाही तर तोच २५ टक्के दिसतो. शून्य आणि शंभरला मात्र सगळं जुळतं, त्यामुळे नुसतं ४ आणि २० मिलिअँप (सिग्नलची शून्य आणि शंभर टक्के ही टोकं) देऊन केलेल्या लूप चेकमध्ये हे कधीच सापडत नाही. आम्ही ट्रान्समीटर लिनिअर ठेवले, वर्गमूळ डीसीएसमध्ये ठेवलं, आणि ४, ८, १२, १६, २० अशा पाचही ठिकाणी पडद्यावरचा आकडा आधी काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. हिस्टरीमध्ये प्रवाहाबरोबर कच्चा दाबफरकही साठवायला लावला.

आता वाफेच्या मीटरची जोडणी. ओरिफिसचा बीटा, म्हणजे भोकाच्या व्यासाचं पाइपच्या व्यासाशी गुणोत्तर, ०.६६ च्या आसपास आला. इतक्या मोठ्या बीटाला एका काटकोनी बेंडनंतर आयएसओ ५१६७ हे मानक पाइपच्या व्यासाच्या चाळीसपटीहून जास्त सरळ लांबी मागतं. वाफेची लाइन वरच्या मजल्यावरून सहा मीटर उभी खाली येऊन आडवी वळत होती. पहिल्या ड्रॉइंगमध्ये ओरिफिस वळणापासून दोन मीटरवर होतं, ते साडेचारवर नेलं. आडवी पाइप स्प्रिंग हँगरवर लटकलेली होती.

वाफेवर ट्रान्समीटर टॅपिंगच्या खाली बसतो आणि इम्पल्स लाइन (टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या बारीक नळ्या) पाण्याने भरलेल्या ठेवतात, म्हणजे वाफ आतल्या दाब जाणणाऱ्या कॅप्सूलपर्यंत पोचत नाही. बहुतेक ट्रान्समीटर १२० अंशांच्या आसपासपर्यंतच सोसतात, आणि ७ बारची वाफ १७० अंशांची असते. दोन्ही बाजूंना टॅपिंगजवळ कंडेन्सेट पॉट असतात. पॉटमध्ये वाफेचं पाणी होतं, जास्तीचं पाइपमध्ये परत वाहून जातं, आणि पाण्याची उंची पॉटच्या तोंडाशी कायम राहते. दोन्ही पॉट एका पातळीत असले तरच दोन्ही बाजूंच्या पाण्याचं वजन एकमेकांना काटतं. आमचे पॉट गार लाइनवर पातळीत बसवले होते, मी स्वतः पाहिलं होतं. लाइनना दर मीटर लांबीला आठ सेंटीमीटर उतार दिला, चालू करण्याआधी दोन्ही पाण्याने भरल्या, हवा काढली. ऑपरेटरांना एक गोष्ट ठासून सांगितली: मॅनिफोल्डचा (ट्रान्समीटरवरच्या व्हॉल्व्हच्या गटाचा) मधला, दोन्ही बाजू जोडणारा व्हॉल्व्ह उघडा असताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत. दाबफरकामुळे एका बाजूचं पाणी दुसरीकडे ढकललं जातं आणि मागोमाग वाफ ट्रान्समीटरवर येते.

मीटर चालू झालं. पूर्ण लोडवर हीटरच्या उष्णतेचा हिशोब, म्हणजे आत जाणाऱ्या द्रावणाचा प्रवाह आणि तापमानातली वाढ, वाफेच्या आकड्याशी चांगला जुळला. काही आठवड्यांनी रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, दोन्ही हीटरचे व्हॉल्व्ह बंद आहेत. तरी वाफ अडीचशे दाखवतेय."

दुसऱ्या दिवशी मीटरपाशी बरेच जण जमले आणि प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. व्हॉल्व्ह पास होत असणार, म्हणजे बंद असूनही गळत असणार. ट्रान्समीटरचा झीरो सरकला असणार. एकजण म्हणाला, लो फ्लो कटऑफ तीनशेवर ठेवा, आकडा दिसणारच नाही.

व्हॉल्व्हची शंका आधी काढली, कारण ती खरी असती तर मीटर बरोबर होतं. तासाला अडीचशे किलो वाफ हीटरमध्ये शिरत असती तर हीटर गरम राहिला असता आणि स्टीम ट्रॅप (वाफेचं साचलेलं पाणी बाहेर सोडणारा) उघडझाप करत राहिला असता. हीटर गार होत होता, ट्रॅपही गार. मग मॅनिफोल्डवर दोन्ही बाजू बंद करून मधला व्हॉल्व्ह उघडला. दोन्ही ट्रान्समीटर नेमके ४.०० मिलिअँपवर. म्हणजे ट्रान्समीटर निर्दोष होता. पुन्हा लाइनला जोडला की लहान रेंजचा ट्रान्समीटर १० मिलीमीटर दाखवायचा. २५०० पैकी १० चं वर्गमूळ काढलं की ६.३ टक्के, ४००० किलोवर अडीचशे. हिशोब तंतोतंत लागला. आता ते १० मिलीमीटर कुठून येतात एवढंच शोधायचं होतं.

आमच्यातले जुने टेक्निशियन, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी सुचवलं की लाइन जोडलेली असतानाच झीरो ट्रिम मारून टाकू, म्हणजे आत्ताचा आकडाच शून्य धरायला लावू. मी नाही म्हटलं आणि त्यांना कारण सांगितलं. आत्ता १० मिलीमीटर पुसले आणि उद्या त्यांचं मूळ कारण गेलं, तर मीटर उणे दहावर जाईल, प्रवाह कमी दाखवेल, आणि उणे आकडा वर्गमुळात शून्य होऊन दिसणारही नाही. पूर्ण लोडवर १० मिलीमीटर म्हणजे ०.२ टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण रात्रीच्या ४०० किलोवर २५ चे ३५ होतात आणि मीटर ४७० च्या वर दाखवतं. हे मीटर तर रात्रीचा वापर कळावा म्हणूनच घेतलं होतं. काकांना ते पटलं, आणि पुढचा सगळा शोध त्यांनीच मनावर घेतला.

कमी दाबाच्या बाजूला हवेचा बुडबुडा अडकला असेल तर असा अधिकचा फरक येऊ शकतो. दोन्ही लाइन ब्लो डाउन केल्या (आतलं पाणी वाफेच्या दाबाने बाहेर सोडलं), पुन्हा पाणी साचेपर्यंत थांबलो. आकडा परत दहावर आला. बुडबुडा दरवेळी नेमक्या त्याच मापाचा बसत नाही, म्हणून ती शंका सोडली. मग दोन लाइनमधल्या पाण्याचं तापमान वेगळं आहे का ते पाहिलं. दीड मीटरच्या लाइनमध्ये एकीकडे ५० अंश आणि दुसरीकडे ९० अंश असतील तर नुसत्या घनतेने ३५ मिलीमीटर पडतात, म्हणजे संशय रास्त होता. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही लाइन वरपासून खालपर्यंत मोजल्या. शेजारीशेजारी बांधलेल्या असल्याने त्या सारख्याच होत्या.

तिढा सुटला तो हिस्टरीमुळे. बॉयलर बंद ठेवलेल्या एका सुट्टीचा ट्रेंड काढला. वाफ बंद झाल्यावर दाबफरक दहावर होता आणि पुढच्या काही तासांत हळूहळू शून्यावर उतरला होता. लाइन पुन्हा तापली तसा तो परत दहावर चढला. हा आकडा वाफेच्या प्रवाहाबरोबर चालत नव्हता, पाइपच्या तापमानाबरोबर चालत होता. गार लाइनवर केलेल्या प्रत्येक तपासणीत मीटर निर्दोष निघालं ते याचमुळे.

काकांनी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळीची पाणसळ आणली. लाइन गरम असताना दोन्ही पॉटना लावली. जास्त दाबाच्या बाजूचा पॉट सुमारे १० मिलीमीटर वर होता.

पुढचं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. त्या पॉटकडे जाणारा पाइप जरा लांब होता, आणि ड्रॉइंगमध्ये पॉटचा आधार दाखवलेला नव्हता. जोडणाऱ्यांनी सोयीचा म्हणून तो यू-क्लॅम्पने शेजारच्या खांबाला बांधला होता. दुसरा पॉट नुसता वाफेच्या पाइपवर होता. वाफेची उभी लाइन वरच्या टोकाला जखडलेली. सहा मीटर लोखंड १४० अंशांनी तापलं की साधारण १० मिलीमीटर वाढतं, आणि वर जागा नसल्याने खाली येतं. स्प्रिंग हँगरवरची आडवी पाइप तेवढीच खाली बसायची, एक पॉट तिच्याबरोबर उतरायचा, दुसऱ्याला खांब धरून ठेवायचा.

मीटरच्या आकड्यापेक्षा मला आता टॅपिंगची काळजी वाटू लागली. दर वेळी लाइन तापली की तो छोटा पाइप १० मिलीमीटर वाकत होता, आणि सगळा ताण टॅपिंगच्या वेल्डवर येत होता. ७ बारच्या वाफेचा वेल्ड तडकला तर शेजारी उभ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. पुढच्या शटडाउनची वाट पाहायची नाही, असं मी प्लँट हेडना लेखी कळवलं. त्यांनी त्याच आठवड्यात लाइन थंड करून दिली.

यू-क्लॅम्प काढला. दोन्ही पॉट एकाच प्लेटवर बसवले आणि ती प्लेट वाफेच्या पाइपवरच टेकवली, म्हणजे हलले तरी दोन्ही बरोबर हलतील. खालच्या इम्पल्स ट्यूबना वळसा देऊन सैल ठेवलं. टॅपिंगच्या दोन्ही वेल्डची डाय पेनेट्रंट टेस्ट (रंग शिरवून तडे शोधणारी) केली. तडा नव्हता. लाइन परत तापवली, हीटरचे व्हॉल्व्ह बंद ठेवले आणि लहान ट्रान्समीटर पाहिला: एक-दोन मिलीमीटरच्या आत. पाणसळही तेच सांगत होती.

कच्चा दाबफरक साठवलेला असल्याने आधीच्या रात्रींचे आकडे वाया गेले नाहीत. लाइन गरम असतानाच्या प्रत्येक नोंदीतून १० मिलीमीटर वजा करून प्रवाह पुन्हा काढला आणि ऊर्जेचा हिशोब ठेवणाऱ्या विभागाला दिला. कमिशनिंगच्या तक्त्यात झीरोसाठी आता दोन ओळी आहेत, एक मॅनिफोल्डवरच्या झीरोची आणि एक लाइन गरम व प्रवाह बंद असतानाची. वाफेच्या मीटरच्या ड्रॉइंगमध्ये पॉटचा आधार काढलेला असतो आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं: खांबाला बांधू नये.